पिकअपमधलं बोलणं

१

आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं आणि त्याच खेपेत इस्पितळाच्या चादरी पोचवायच्या, असं आमचं गेल्या वर्षापासून बसलेलं गणित होतं. मी लाँड्रीचा माल वाहतो. मळक्या चादरी आणायच्या, धुतलेल्या न्यायच्या. माझी बायको त्याच लाँड्रीत घड्या घालण्याच्या खात्यात आहे. म्हणजे चादर तिच्या हातातून माझ्या गाडीत आणि माझ्या गाडीतून कुणाच्या तरी पाठीखाली.

गाडी डिझेल पिकअप. इंजिन दणकट, कुरकुर नाही, पण आवाज असा की बोलायची सोय नाही. दारं थडथडायची, छत घुमायचं, पायाखालच्या पत्र्याची थरथर तर दातापर्यंत पोचायची. इस्पितळापर्यंत तासभराचा रस्ता. तेवढा वेळ मी आणि आई खुणांनी बोलायचो.

आई म्हणायची, "ही गाडी नाही रे, पिठाची गिरणी आहे. मी धान्य म्हणून बसते आणि पीठ होऊन उतरते."

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. निवृत्त होऊन जमाना झाला, पण कान अजून तल्लख. स्वयंपाकघरातला नळ गळतोय हे तिला पुढच्या खोलीत पडल्यापडल्या कळायचं. तसल्या कानांवर, त्यात डायलिसिसनंतर अंगात त्राण नसताना, हा इंजिनचा मारा. एकदा परत आल्यावर ती उतरली, चाकाला धरून ओकली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मला चादरींच्या गाठोड्यात बांधून मागे टाक. निदान मऊ तरी लागेल."

त्या दिवशी मी ठरवलं की केबिन आवाजबंद करून घ्यायची.

२

गाड्यांच्या सीटा शिवणारा एक शेजारी आहे. फोम सोडून दुसऱ्या विषयावर बोलतच नाही, म्हणून सगळे त्याला फोमशेठ म्हणतात. त्याच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी मिळून केबिन मोकळी केली. सीट काढली, मॅट काढली, दारांचे पॅड आणि छताचं कापड उतरवलं. नुसता डबा उरला. मी मागच्या भिंतीवर बोटानं टिचकी मारली. टण्ण.

"ऐकलंस? हा पत्रा बोलतो," फोमशेठ म्हणाला. "आपण याचं तोंड बंद करायचं."

त्यासाठी त्यानं आवाज दाबणाऱ्या शीट काढल्या. शीट एका अंगानं चंदेरी, दुसऱ्या अंगानं डांबरासारखी काळी आणि चिकट. मापानं कापायची, गरम हवा मारून मऊ करायची, पत्र्याला चिकटवून वरून रोलर फिरवायचा. खाली हवेचा बुडबुडा राहता कामा नये. मग फोम, मग कार्पेट. सीटच्या पाठीमागची भिंत त्यानं सगळ्यात जाड केली. मग टिचकी मारली तर नुसतं ठप. उशीवर मारावी तशी.

सगळं परत बसवल्यावर फोमशेठ आत जाऊन बसला. "दार लावून तुला शिव्या देतो. ऐकू आल्या तर सांग."

दार लागलं. काचेतून त्याचं तोंड हलताना दिसत होतं, हातवारेही जोरात चालले होते. बाहेर काही म्हणजे काही येत नव्हतं. मी हसत होतो, तोही हसत होता. मग त्याचं हसू थांबलं. त्यानं मान वळवून सीटच्या मागे पाहिलं. थोडा वेळ तसाच राहिला आणि खाली उतरला.

"काय शिव्या दिल्यास?" मी विचारलं.

"अरे, इतकं होत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"निम्मा आवाज गेला तरी गिऱ्हाईक खूश होतं. सगळा कधी जात नाही. मी शीट लावतो, जादू करत नाही."

हे तो इतक्या हळू बोलला की ऐकायला मला पुढे वाकावं लागलं.

३

पहिल्या दिवशी आई दार लावून बसली आणि तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, नवीन कुणाच्या घरी गेल्यासारखे. मी गाडी चालू केली. इंजिन दुसऱ्या गल्लीत चालू असावं तसं वाटलं. बाकी शांतता. खोलीत कुणीतरी बोलायचं थांबून आपली वाट बघत असावं, तशी.

आणि आई बोलायला लागली.

तासभर बोलली. एक माणूस रोज एक्स्चेंजला फोन करून नुसती वेळ विचारायचा. त्याच्या घरी घड्याळ होतं, माणूस नव्हतं. एक बाई फोन लागला की रडायची आणि न बोलता ठेवायची. मग बाबांचं निघालं. "तुझे बाबा पहिल्यांदा राँग नंबर म्हणूनच आले होते. मग रोज येऊ लागले." हे सांगून ती स्वतःच हसली. मी तिच्या पोटचा, पण हे मला माहीत नव्हतं.

मीही बोललो. तिच्या हाताला सुया लावतात तेव्हा मी चादरी मोजायचं निमित्त करून बाहेर पळतो, हे सांगून टाकलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "चादरी मोजायला एवढा वेळ लागत नाही."

घरी पोचलो तेव्हा बायको म्हणाली, "आई, घसा बसला का तुमचा? काही कळत नाहीये काय म्हणताय ते."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. वर्षभराचं बोलणं एका दिवसात उरकलं होतं. घसा बसणारच.

४

त्यानंतरच्या काही फेऱ्या मजेत गेल्या. मी तर आईचा दिवस कधी येतो याची वाट बघायला लागलो होतो. अशाच एका सकाळी मी काहीतरी सांगत होतो आणि आईनं हात वर केला.

"तुझा आवाज उतरला."

"उतरला म्हणजे?"

"आम्ही बोर्डावर बसायचो ना, तेव्हा दोघांच्या बोलण्यात तिसऱ्या कुणी मधेच रिसीव्हर उचलला की दोघांचेही आवाज जरासे उतरायचे. अगदी जरासे. बोलणाऱ्यांना पत्ता नसायचा, आम्हाला कळायचं."

"मग काय करायचीस?"

"विचारायचे. विचारलं की पलीकडून रिसीव्हर ठेवल्याचा आवाज यायचा. लोकांना लाज असते."

ती सीटवर वळून बसली, मागच्या कार्पेटकडे तोंड केलं आणि नोकरीतल्या त्या स्वच्छ, करड्या आवाजात म्हणाली, "लाइनवर कोण आहे?"

काही झालं नाही. इंजिन दूर कुठेतरी चालत होतं. समोरून बस गेली, तिचाही आवाज आला नाही.

"बघ, कुणी नाही," मी म्हणालो.

आई बराच वेळ मागे बघत राहिली. मग सरळ बसून तिनं पदर सारखा केला.

"ठेवला नाही," ती म्हणाली. "रिसीव्हर ठेवला नाही त्यानं."

मी मनाशी हिशेब मांडला. फोम आवाज शोषतो, हे फोमशेठनंच सांगितलं होतं. बंद जागेत आवाज वेगळा लागणारच. शिवाय आईचं वय, औषधं, त्यात आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकलेलं डोकं. हिशेब बरोबर जमत होता. तरी उरलेला रस्ता मी बोललो नाही.

५

घरात आईचा आवाज आणखी बारीक होत गेला. आधी कुजबुज, मग नुसता श्वास. घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी घालून पाहिलं, स्वरयंत्र उत्तम आहे म्हणाले. थकवा असेल, बोलणं कमी करा. आईनं त्यांना काहीतरी विचारलं, तिचे ओठ हलले, ते "अं?" म्हणाले, तिनं परत विचारलं, मग नाद सोडला.

गाडीत बसलो, दार लागलं, आणि आई खणखणीत आवाजात म्हणाली, "गाढव आहे हा डॉक्टर."

मला हसू आलं आणि हातावर काटाही आला.

मग माझी पाळी आली. इस्पितळाचा स्टोअरकीपर एकेक गोष्ट तीनतीनदा विचारायला लागला. फोनवर बायको म्हणायची, "आवाज येत नाहीये, रेंजमध्ये या." मी घरापासून दोन इमारती पलीकडे असायचो. जेवताना मी मीठ मागितलं की ती जेवत राहायची. शेवटी एकदा ताट बाजूला सारून म्हणाली, "हल्ली तुम्ही तोंडातल्या तोंडात का बोलता?"

मी तिच्या कानाकडे बोट दाखवलं. दिवसभर ड्रायरच्या मशिनींपाशी उभी असते, कान गेले असतील.

"माझे कान ठीक आहेत," ती म्हणाली. "टीव्ही ऐकू येतो. वरच्या मजल्यावरचं बाळ ऐकू येतं. फक्त तुम्ही दोघं ऐकू येत नाही." मग हळूच म्हणाली, "गाडीत मात्र छान गप्पा होतात म्हणे. खाली शेजारीण सांगत होती, दोघं दार लावून बसलेली असतात, उतरायचं नाव घेत नाहीत. मलाही न्या की एकदा. मी काय इतकी परकी आहे?"

शेजारीण खोटं बोलत नव्हती. घराखाली पोचल्यावरही आम्ही बसून राहायचो. एकदा उतरलो की पुढच्या फेरीपर्यंत मुकं व्हायचं, हे दोघांनाही कळलेलं होतं.

मी बायकोला मान डोलावून हो म्हटलं. नेलं मात्र नाही. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

६

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी फोमशेठच्या शेडवर गेलो. तो मशिनीवर सीट शिवत बसला होता. मी गाडीकडे बोट केलं. त्यानं स्वतःच्या गळ्याकडे बोट केलं आणि मान हलवली. मग उठून खरवडायची पट्टी आणि गरम हवेचं मशीन माझ्या हातात दिलं, आत गेला आणि शटर ओढून घेतलं.

मी तिथेच, त्याच्या दारात, सीट काढली. मागच्या भिंतीचं कार्पेट सोडवलं, फोम काढला. आईच्या बाजूची शीट गरम करून एका कोपऱ्यापासून उचलायला लागलो. ती काळ्या चिकट तारा ओढत सुटली. उलटी करून उजेडात धरली.

काळ्या अंगात एक कान उमटलेला होता.

पाळी, वरची घडी, मधला खळगा, सगळं स्वच्छ. पत्र्यावर काही उंचवटा असेल, त्याचा ठसा पडला असेल म्हणून मी पत्र्यावर हात फिरवला. सपाट. गुळगुळीत. पत्र्यामागे चादरींचा हौदा आणि त्यानंतर मोकळी हवा. शीट आणि पत्र्यामध्ये नखही जाणार नाही इतकी घट्ट चिकटवलेली, आणि कान लावलेला होता तो पत्र्याच्या बाजूनं.

मी माझ्या बाजूची शीट काढली. तिच्यावर एकच कान नव्हता. एकावर एक, थोडे वर, थोडे खाली, कडेला सरकलेले पुष्कळ कान होते. नीट ऐकू यावं म्हणून कुणी जागा बदलत गेल्यासारखे. शेवटचा माझ्या डोक्याच्या बरोबर मागे होता आणि सगळ्यांत खोल रुतलेला होता.

दोन्ही शीट मी शेडच्या कडेला टाकून दिल्या आणि मागची भिंत उघडी ठेवून गाडी घरी नेली.

पुढच्या फेरीला पत्रा पुन्हा थडथडायला लागला. मला बरं वाटलं. आई माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. ओठ हलले. मी कान पुढे केला. तिनं परत म्हटलं. मी म्हणालो, "आई, मोठ्यानं बोल," आणि ते मलाच ऐकू आलं नाही. गळा थरथरलेला हाताला लागत होता, पण बाहेर काही येत नव्हतं. आता गाडीतही नाही. आईनं माझा हात घट्ट धरला. वर्षभर सुया टोचून घेताना न रडलेली बाई इस्पितळ येईपर्यंत रडत होती, आणि तेही मला ऐकू येत नव्हतं.

परतल्यावर आईला घरी सोडून मी शेडवर गेलो. शीट टाकल्या तिथेच पडल्या होत्या. मी त्या उचलल्या, गरम केल्या आणि होत्या तिथे परत लावल्या. माझ्या हातांनी, रोलर दाबून, एकही बुडबुडा राहू न देता.

७

पुढच्या फेरीला आवाज परत आला. दार लागताच आई म्हणाली, "ऐक. हे माझं शेवटचं बोलणं."

"असं काय बोलतेस?"

"नीट ऐक. आपण जे बोलतोय ते इथेच राहतंय. घरी न्यायला काही उरत नाही. तुझ्या बायकोच्या वाटणीचंही इथेच जातंय. म्हणून मी आता बोलणार नाही, तूही बोलू नकोस. लाइन रिकामी ठेवली की कंटाळून ठेवतात. आणि तिला इथे बसवू नकोस. तिनं कितीही हट्ट केला तरी."

एवढं बोलून तिनं ओठ मिटले. मीही मिटले. आम्ही दोघं मुक्यानं जायचो, मुक्यानं यायचो. घरी मुके, गाडीत मुके. बायको दोघांच्या तोंडाकडे बघत राहायची आणि मग भांडी जोरात आपटायची. मला वाटलं, थोडे दिवस कळ काढू, आवाज हळूहळू परत येईल.

एका सकाळी सिग्नलला थांबलो होतो. आई म्हणाली, "तुझे बाबा पहिल्यांदा राँग नंबर म्हणूनच आले होते."

आपसूक हसून मी तिच्याकडे पाहिलं.

तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. डोळे माझ्यावर खिळलेले होते.

"मग रोज येऊ लागले," तिचा आवाज म्हणाला. तो आमच्या दोघांच्या मधून, थोडा मागून, कानांच्या उंचीवरून येत होता. मग तो हसला. हुबेहूब तिचं हसू, शेवटी श्वास ओढण्यासकट. नंतर त्या आवाजानं असं काही म्हटलं जे आईनं कधीच म्हटलं नव्हतं.

"तिला आण की एकदा."

आई नकारार्थी मान हलवत राहिली. सिग्नल सुटला. मागच्या गाड्यांनी हॉर्न दिले असणार, त्यांचे ड्रायव्हर हात वर करून मला हातवारे करत होते.

मी दुसरी गाडी बघायला लागलो. चादरी आणि आई एकत्र नेईल अशी गाडी एका दिवसात मिळत नाही, बस तिला झेपत नाही, आणि तिची फेरी एकही चुकवता येत नाही. तिचं रक्त दुसऱ्या गाडीची वाट बघत थांबणार नव्हतं.

८

पुढच्या फेरीला बायकोनं रजा टाकली. दोघांना काहीतरी झालंय, मी स्वतः मोठ्या डॉक्टरांशी बोलणार, म्हणाली. गाडीचं दार उघडायला गेली तेव्हा मी तिचा हात धरला आणि मान हलवली. ती माझ्याकडे बघत राहिली. मग बस पकडून आली.

वॉर्डात आईच्या पलंगाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं. सिस्टर सुया घेऊन आली. या वेळी मी बाहेर गेलो नाही. आईचा दंड धरून तिच्याकडेच बघत राहिलो. तेवढ्यात बायको म्हणाली, "आईंची शाल गाडीत राहिली, थंडी वाजतेय त्यांना," आणि ती उठली. मला ते ऐकू आलं, पण मी सुईकडे बघत होतो.

आईनं आधी ओळखलं. तिनं मोकळ्या हातानं माझं मनगट इतकं दाबलं की नखं रुतली. ती खिडकीच्या कठड्याकडे बघत होती. मी चावी तिथे ठेवली होती. चावी नव्हती.

मी धावलो. जिना, मळक्या चादरींच्या ट्रॉल्या, मागचं दार. बाहेर लख्ख ऊन होतं. माणसं डबे घेऊन बसली होती, वॉचमन चहा पीत होता. गाडी तिच्या नेहमीच्या जागी उभी होती आणि बायको आत बसली होती. आईच्या सीटवर. दार लावलेलं. शाल मांडीवर.

ती बोलत होती.

चालवायच्या रिकाम्या सीटकडे वळून ती बोलत होती, मध्येच थांबत होती, ऐकत होती, हसत होती. डोळे पुसत होती. इतकी मोकळी मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. तिनं शालीची टोकं बोटांत गुंडाळली आणि कुणीतरी काहीतरी म्हटल्यावर लाजून खाली पाहिलं.

मी दार ओढलं. आतून लॉक होतं. काचेवर हात मारला, मग मुठी मारल्या. वॉचमननं एकदा मान वर केली, हलणारे हात पाहिले, आवाज आला नाही म्हणून परत चहात लक्ष घातलं. मी ओरडत होतो. निदान तोंड तरी उघडत होतो.

शेवटी माझी सावली तिच्या मांडीवर पडली असावी. तिनं वळून पाहिलं. घरच्या माणसाशी बोलत असताना बाहेर कुणी काही विकायला आलं की आपण जसं बघतो, तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नाही, ओळखही नाही. हातानं थांबा अशी खूण केली आणि परत तिकडे वळली. मी काच बडवतच राहिलो, तेव्हा कंटाळून तिनं काच चार बोटांएवढी खाली घेतली.

मी त्या फटीत बोटं घातली. त्याच फटीतून माझा आवाज बाहेर आला. इतके दिवस हरवलेला, नीट, उबदार, फक्त तिच्यापुरता ठेवलेला.

"काच लाव गं," तो म्हणाला. "ऊन येतंय आत."

काचेत चिरडू नयेत म्हणून तिनं माझी बोटं एकेक करून हलकेच बाहेर ढकलली. मग काच लावली.